मांसाहारी झाडाचे नखरे

मांसाहारी झाड म्हटलं की लोकांना वाटतं काय डेंजर प्रकरण असेल, पण एकदा घटपर्णीची, म्हणजे पानांच्या टोकाला लटकणाऱ्या झाकणवाल्या पेल्यांत किडे पकडणाऱ्या झाडाची, कुंडी बदलायला बसा, मग कळेल कोण कोणाला खातंय. कुंडीत खत घातलं की मुळं जळतात, बागेतली माती चालत नाही, नळाचं पाणीही नाही कारण त्यातले क्षार सोसत नाहीत, म्हणजे आम्ही नळाचं पिणार आणि बाईसाहेबांना पावसाचं नाहीतर डिस्टिल्ड! रानात हिला नापीक जमीन मिळते म्हणून तर किडे खायची वेळ आली, आणि तोरा बघा.

तर स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ, भिजवून पिळायचं, त्यात परलाइटचे हलके पांढरे खडे मिसळायचे आणि जुन्या कुंडीतून झाड अलगद काढायचं. मुळं बघून कोणालाही धडकी भरेल, काळीकुट्ट, बारीक, हात लागला की तुटणारी. पण काळी म्हणजे सडली असं नाही, मुळातच काळी असतात ती, सडलेली मऊ गिळगिळीत लागतात. वर पेले आडवे होऊ द्यायचे नाहीत, आतला पाचक रस सांडतो. म्हणजे एका हातात मुळं, दुसऱ्यात पेले, आणि मॉस भरायला घरच्यांना हाक मारावी तर ते "ई, यात मुंगळा तरंगतोय!" म्हणून पसार.

खरा छळ पुढे आहे. हिला दमट हवा लागते आणि बुरशीलाही नेमकी तीच. झाकून ठेवलं तर मॉसवर पांढरा कापूस, उघडं ठेवलं तर नवे पेले धरायचे बंद. मग काय, दमट कोपरा धरून शेजारी छोटा पंखा लावायचा, वाळके पेले कापत बसायचं, आणि पाहुण्यांवर लक्ष ठेवायचं कारण प्रत्येकाला त्यात चिकनचा तुकडा टाकून झाकण मिटतंय का बघायचं असतं. अहो मिटत नाही ते, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून असतं, चिकन मात्र आत सडतं आणि पेल्यालाच बुरशी धरते.

एवढं करून कुंडी बदलल्यावर झाड बराच काळ रुसून बसतं. तेवढ्यात ओल्या मॉसमध्ये बारीक काळ्या माश्या अंडी घालतात, आणि शिल्लक राहिलेले पेले आ वासून शेजारीच उभे! शेवटी किडे खाणाऱ्या झाडाच्या कुंडीत मी माश्या पकडायचा पिवळा चिकट कागद खोचलाय.