अनसाइन्ड घेतला म्हणून वजाबाकी सुरक्षित होत नाही
भाऊ, अनसाइन्ड म्हणजे ऋण आकडा ठेवूच न शकणाऱ्या पूर्णांक प्रकारावरचा तुमचा लेख चांगलाय, पण "आकडा ऋण होणारच नसेल तर बिनधास्त अनसाइन्ड घ्या" हे काही पटलं नाही. आमच्याकडे रावेर साईडला केळीच्या गाड्या काट्यावर जातात, भरलेलं वजन वजा रिकामं वजन, दोन्ही आकडे धनच, पण ऑपरेटरने उलटे टाकले आणि 5000 मधून 12000 गेले की सी भाषेत 32 बिटच्या अनसाइन्डला निव्वळ वजन येणार 4294960296 किलो, आणि प्रोग्राम एकदम गप्प, कारण स्टँडर्डनुसार हा ओव्हरफ्लो (आकडा रेंजबाहेर जाण्याची चूक) नाहीच, 2 च्या 32 व्या घाताने मॉड्युलो काढलेलं, म्हणजे घड्याळासारखं फिरून आलेलं वैध उत्तर आहे. शेतकऱ्याच्या पावतीवर काय छापून येईल सांगा!

मला स्विफ्ट भाषेचं बरं वाटतं, साधी वजाबाकी रेंजबाहेर गेली की प्रोग्राम तिथंच बंद, रॅप (असं फिरून येणं) पाहिजेच असेल तर मुद्दाम &- लिहायचं. रस्ट भाषेचा प्रोग्राम डीबग (चाचणीच्या) बिल्डमध्ये पॅनिक होतो, म्हणजे एरर देऊन थांबतो खरा पण रिलीज (गिऱ्हाइकाला द्यायच्या) बिल्डमध्ये डीफॉल्टला गुपचूप रॅप करतो, म्हणजे टेस्टिंगमध्ये जी केस आलीच नाही ती गिऱ्हाइकाकडे जाऊन फसवणार, तिथे checked_sub (उत्तर रेंजबाहेर गेलं तर तसं कळवणारी वजाबाकी) ऐवजी साधं वजा चिन्ह ठेवूच नये म्हणतो मी. हॅश, चेकसमला रॅप लागतोच, त्याबद्दल वाद नाही. वजन नि पैशाला मात्र साइन्ड (ऋण आकडाही ठेवणारा) 64 बिट घ्या आणि वजाबाकीच्या आधी कोणता आकडा मोठा ते तपासा, एवढं लेखात टाका ना.