भाजीचे पैसे जानेवारीत

पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या सोसायटीत सध्या वाद पेटलाय. जवळच्या तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी गट करून एक प्रस्ताव मांडला आहे: चोवीस आठवडे, दर शनिवारी चार-पाच किलो विषमुक्त भाजी, आठवड्याला ४५० रुपये. अट एकच, सगळे पैसे, म्हणजे १०,८०० रुपये, लागवडीआधी द्यायचे. निम्म्या लोकांचं म्हणणं, इतकी महाग भाजी कशाला? उरलेल्यांना भाव चालतो, पण आगाऊ रक्कम चालत नाही. गारपीट झाली तर? गट मोडला तर? मी मॅसॅच्युसेट्समध्ये बरीच वर्षं एका शेताचा असाच वाटा घेतो, म्हणून बहिणीने माझं मत विचारलं. फोनवर जे बोललो ते अपुरं होतं.

आधी इथला हिशेब. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, आमच्या गावापासून अर्ध्या तासावर हे शेत आहे. बाहेर गुडघाभर बर्फ असतो तेव्हा, जानेवारीत, आम्ही ७०० डॉलर भरतो. भाजी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वीस आठवडे मिळते, म्हणजे आठवड्याला ३५ डॉलर. साध्या सुपरमार्केटातून, सेंद्रियचा आग्रह न धरता तेवढीच भाजी घेतली तर पंचवीसच्या आसपास पडेल. सेंद्रियच घ्यायची म्हटली तर हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. तेव्हा वाटा घेतला की भाजी स्वस्त पडते, असं मी कुणालाही सांगत नाही.

शिवाय काय मिळेल ते आपण ठरवत नाही. जूनमध्ये पालेभाज्याच पालेभाज्या, मुळे, नवलकोल आणि लसणाचे कोवळे दांडे. टोमॅटो, मका, वांगी, मिरच्या यांची ऑगस्टपर्यंत वाट बघायची. ऑक्टोबरात लाल भोपळे, बीट, रताळी. मेथी नाही, गवार नाही, त्यासाठी भारतीय दुकान आहेच. पण चार्ड या पालकासारख्या पालेभाजीची, डाळ घालून, पातळभाजी उत्तम होते, केल हा कोबीच्या जातीचा पाला बारीक चिरून पीठ पेरून केला की घरात सगळे खातात, मुळ्याचा पाला तर आपलाच. शेंगा आणि छोटे टोमॅटो आपण स्वतः वाफ्यातून तोडून आणायचे असतात. शनिवारी सकाळी मुलं हे काम न सांगता करतात.

एवढ्यावर थांबलं तर सोसायटीतला पहिला गट बरोबर ठरतो. पण ७०० डॉलर हा भाजीचा भाव नाहीच, असं माझं ठाम मत आहे. ते जानेवारीत दिलेलं बिनव्याजी भांडवल आहे, आणि हंगामाच्या जोखमीतला हिस्सा आहे. बियाणं, खत, ट्रॅक्टरची दुरुस्ती, हरितगृहाला लागणारा गॅस, मजुरांचे पहिले पगार हे सगळे खर्च वसंताआधी येतात आणि पहिला माल जूनमध्ये निघतो. मधले महिने कोणाच्या पैशावर काढायचे, हा जगातल्या प्रत्येक छोट्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे.

अमेरिकेत ही पद्धत निघाली तीच या प्रश्नातून. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत फलोद्यानशास्त्र शिकवणारे बुकर टी. व्हॉटली १९७० च्या दशकात छोट्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना सांगत, की पंचवीस एकरांचं शेत शहरापासून चाळीस मैलांच्या आत असू द्या, हजारभर कुटुंबांना सभासद करा आणि वर्षाची वर्गणी आधी घ्या. सरकारी शेती कर्जं देताना या शेतकऱ्यांना डावललं गेल्याचा खटला पुढे १९९९ मध्ये मोठ्या तडजोडीने मिटला. ज्याला कर्ज मिळत नाही त्याने ग्राहकाकडे जावं, इतका तो साधा सल्ला होता. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या साऊथ एग्रीमाँटमधलं रॉबिन व्हॅन एन यांचं इंडियन लाइन फार्म आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधलं टेंपल-विल्टन शेत, या दोन ठिकाणी युरोपातल्या अनुभवावरून भाजीच्या वाट्यांची रीत सुरू झाली. आमचं शेत त्याच वळणाने चालतं.

आता हाच प्रश्न आपल्याकडे कसा सुटतो ते बघा. माझे मामा नारायणगावजवळ टोमॅटो करतात. रोपं, मल्चिंग पेपर, ठिबक, तार-काठी, सुतळी, औषधं यात पहिला क्रेट बाजारात जाण्याआधी एकरी लाखाच्या वर पैसा जमिनीत जातो. त्यातला बराचसा कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो. कोकणात आंबा बागायतदार हंगामाआधी वाशीच्या दलालाकडून उचल घेतो, मग पेट्या त्याच दलालाकडे घालाव्या लागतात आणि भाव तो सांगेल तो. म्हणजे पैसे आगाऊ देण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. फक्त ते पैसे ग्राहक देत नाही, दुसरं कुणीतरी देतं आणि त्याची किंमत शेतकऱ्याकडून वसूल करतं. सोसायटीतली मंडळी ‘आगाऊ का द्यायचे’ असं विचारतात, तेव्हा त्यांनी हा आधीपासून चालू असलेला व्यवहारही डोळ्यांसमोर ठेवावा.

जोखमीचं बोलायचं तर २०२३ चा जुलै मला विसरता येत नाही. त्या महिन्याच्या दहा-अकरा तारखेला व्हरमाँटमध्ये प्रचंड पाऊस झाला आणि ते पाणी नदीतून खाली आमच्या खोऱ्यात आलं. नदीकाठची शेतं ऐन भरात असताना बुडाली, आमच्या शेताचा सखल पट्टाही गेला. पुराचं पाणी लागलेली भाजी इथल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे विकता येत नाही, दिसायला कितीही चांगली असो. टाकून द्यावी लागते. पुढचे कित्येक आठवडे आमच्या पिशवीत निम्मीच भाजी होती. शेतकरी नवरा-बायकोने सगळ्या सभासदांना पत्र लिहून काय गेलं, काय वाचलं, पैसे कुठे खर्च झालेत हे सांगितलं. माझ्या माहितीत कुणीही पैसे परत मागितले नाहीत. काही जण चिखल काढायला गेले. पुढच्या जानेवारीत शेत उभं होतं, कारण ७०० डॉलर आधीच पोचलेले होते.

त्याच जुलैमध्ये पुण्या-मुंबईत टोमॅटो शंभर-दीडशे रुपये किलो होता आणि वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी, मे महिन्यात, तोच टोमॅटो शेतकरी रस्त्यावर ओतत होते. किलोला दोन-चार रुपये मिळत होते, तोडणीची मजुरीही सुटत नव्हती. मामांनी तेव्हा अर्धा प्लॉट उपटून टाकला. असं अनेकांनी केलं, पुढची लागवड घटली, त्यात रोग आणि पाऊस, आणि जुलैत माल नाही. ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आला, त्याच महिन्यात कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि लासलगावात लिलाव बंद पडले. सप्टेंबरात टोमॅटो पुन्हा मातीमोल.

या सगळ्या गोंगाटात शहरातला ग्राहक आणि गावातला शेतकरी समोरासमोर फक्त भावाच्या वेळी येतात, तेही टीव्हीवर. मे महिन्यात ग्राहक गप्प, जुलैत शेतकरी गप्प. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, की ग्राहक टोमॅटोला जो रुपया देतो त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्यात ३६. आपली सगळी चर्चा उरलेले पैसे कोण खातं यावर होते. ती व्हायलाच हवी. पण ३३ चे ५० झाले, तरी मे महिन्यात दोन रुपयांचे तीन होतील, एवढंच. मामांना लागवडीच्या वेळी माहीत हवं होतं की अमुक इतका माल अमुक इतक्या घरांत जाणार आहे आणि त्याचे पैसे झालेत. ते कुठल्याही अनुदानाने किंवा आयातीने होत नाही.

तरी इथली पद्धत जशीच्या तशी उचलून पुण्यात न्यावी असं मी म्हणणार नाही, कारण इथल्या ७०० डॉलरांत बऱ्याच गोष्टी मोजलेल्याच नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२३ पासून किमान वेतन ताशी १५ डॉलर आहे, पण शेतमजुरांना कायद्याने ८ डॉलरही चालतात. आमचं शेत त्याहून बरंच जास्त देतं, मी विचारून घेतलं आहे. सगळी शेतं देतात असं नाही. शेतकरी स्वतःच्या मेहनतीचे पैसे धरतच नाही, ही तक्रार तर नारायणगावइतकीच इथेही ऐकू येते. दुसरी गोष्ट जमिनीची. हे राज्य १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शेतजमिनीवर बांधकाम करण्याचे हक्क विकत घेतं, म्हणजे ती जमीन कायमची शेतीसाठी राहते. आमचं शेत शहराजवळ टिकलं ते त्यामुळे. मुळशीत किंवा हवेलीत जमिनीचा भाव बिल्डर ठरवतो. तिथे भाजी करणारा माणूस रोज प्लॉटिंगच्या मोहाशी झगडतोय आणि त्याला कुणाचंही पाठबळ नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. जानेवारीत एकरकमी ७०० डॉलर काढून देणं ज्याला जमतं, त्यालाच वाटा मिळतो. अन्नमदत कार्डावर जगणारी कुटुंबं आगाऊ भरू शकत नाहीत; केंद्राच्या नियमाने त्या कार्डावरून जास्तीत जास्त १४ दिवस आधीचेच पैसे घेता येतात. त्यावर राज्याने २०१७ मध्ये एक चांगला तोडगा काढला: कार्डधारकाने थेट शेतकऱ्याकडून भाजी घेतली, की ठरलेल्या मासिक मर्यादेपर्यंत तेवढे पैसे कार्डावर परत जमा होतात, आणि वाट्याचे पैसेही महिन्या-महिन्याने भरता येतात. जर्मनीतल्या अनेक शेतांची तऱ्हा मला त्याहूनही आवडते. तिथे शेतकरी वर्षाचा पूर्ण खर्च सभासदांसमोर ठेवतो, मग प्रत्येक जण आपल्याला झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहितो. बेरीज कमी पडली तर पुन्हा चिठ्ठ्या. कोणी किती लिहिलं हे कुणाला कळत नाही, आणि खर्च भरून निघतो.

पुण्यात १०,८०० रुपये ही घरकाम करणाऱ्या बाईची महिनाभराची कमाई असू शकते. म्हणून एकरकमी अट मला मान्य नाही. आणखी एक माणूस या हिशेबात कुणी धरलेला नाही: सोसायटीच्या फाटकाशी बसणारी भाजीवाली. ती पहाटे मार्केटयार्डात जाऊन माल आणते, म्हाताऱ्यांना निवडून देते, अडल्यानडल्याला उधार देते. आमच्या गावात असं कुणी नसतं, त्यामुळे शेतातून थेट घरी माल आला तर कुणाच्या पोटावर पाय येत नाही. पुण्यात येतो. शेतकऱ्यांच्या गटाने घरपोच गाडी फिरवण्यापेक्षा शनिवारचा माल तिच्या गाडीवर उतरवावा, वाटपाचे पैसे तिला द्यावेत आणि सभासदांनी पिशव्या तिथून न्याव्यात. गटाचाही डिझेलचा आणि माणसांचा खर्च वाचेल.

बहिणीला मी आता असं लिहितोय: वाटा घे. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे लागवडीआधी दे, बाकीचे दर महिन्याच्या सुरुवातीला, आणि ज्यांना जमतं त्यांनी हवं तर सगळे एकदम द्यावेत. ४५० रुपये महाग आहेत का, हे बाजारभावाशी ताडून कळणार नाही. गटाला बोलावून एकरी खर्चाचा कागद मागा. त्यात खुरपणीच्या बायकांची रोजची मजुरी किती धरली आहे ते बघा, शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरच्यांचे दिवस धरलेत का तेही बघा. गारपीट झाली तर किती दिवसांत कळवणार, आणि त्या आठवड्यांत शेजारच्या गटाकडून माल घेऊन देणार की पिशवी रिकामी येणार, हे आधीच लिहून घ्या. आणि गणपतीच्या सुट्टीत तुमच्यातले चार-पाच जण शेतावर जाऊन या, टोमॅटोची बांधणी त्याच सुमारास चालू असेल.