वेळ कोण कोणाला देतं?

अंध निवृत्त शिक्षक आणि सदा घाईत असलेले सर्जन यांच्या मैत्रीवरचा लेख मनापासून आवडला. फक्त ‘डॉक्टर एवढ्या व्यापातून त्यांच्यासाठी वेळ काढतात’ हे वाक्य खटकलं. वेळ गुरुजीही देतातच की!

ठाण्यात नौपाड्याला आमच्या इमारतीत अशीच एक जोडी आहे. बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले काका पूर्ण अंध, आणि वरच्या मजल्यावरचा सीए. रविवारी सकाळी दोघं तलावपाळीला फेरी मारतात. सीए काकांचा हात धरून ओढत नाही. काका त्याचं कोपर हलकेच धरतात आणि अर्धं पाऊल मागून चालतात. पायरी आली की कोपराच्या हालचालीवरून त्यांना कळतं. ही योग्य पद्धत काकांनीच त्याला शिकवली. जुलैअखेर रिटर्न भरायच्या गडबडीत हाच माणूस रात्री काकांकडे येऊन नाट्यसंगीत ऐकत बसतो. घरी कोणाशी बोलत नाही इतका त्यांच्याशी बोलतो.

त्रास होतो तो रस्त्यावर. गोखले रोडच्या फुटपाथवर दुचाकी लावलेल्या असल्या की काकांना गाड्यांच्या गर्दीत उतरावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा, नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांत, सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करायला सांगितलं होतं. ते नियम २०१७ चे, म्हणजे ती मुदतही कधीच उलटून गेली. लेखकाने पुढच्या भागात या बाजूवरही जरूर लिहावं, आणि गुरुजींना सविस्तर बोलू द्यावं.