माणशी अर्धा एकर, म्हणून उपासमार?

नागपूरकडच्या शेतकरी गटांमध्ये एक मेसेज फिरतोय: '1961 साली जगात माणशी एक एकराहून जास्त पिकाखालची जमीन होती, आता अर्धाच एकर उरला. मातीत फक्त 60 हंगाम बाकी आहेत. 8 अब्ज लोकांना पोसणं शक्यच नाही.'

जमिनीचा आकडा बरोबर आहे. पण मेसेजवाला एकर मोजतो, क्विंटल मोजत नाही. 1961 मध्ये तृणधान्याची जागतिक सरासरी एकरी साडेपाच क्विंटल होती, आता सोळाच्या वर गेली. अगदी कोरडवाहू ज्वारी घ्या, एकरी चारच क्विंटल धरा. अर्ध्या एकरात 200 किलो झाली. रोज 400 ग्रॅमच्या हिशेबाने एका माणसाला वर्षाला 146 किलो पुरते. डाळ, तेल, दूध यात नाही, हे मान्य.

मग उपाशी का? जगात वर्षाला सुमारे 280 कोटी टन तृणधान्य होतं, माणशी रोज साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास. तरी 2024 मध्ये 67 कोटी लोक भुकेले होते. युद्ध आणि रिकामा खिसा ही मोठी कारणं. शिवाय थेट माणसाच्या ताटात निम्म्याहून कमी धान्य जातं. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जनावरं-कोंबड्या खातात, उरलेलं इथेनॉल, बियाणं, नासाडी. आपलं नागपूरच्या कळमना बाजारात गेलेलं सोयाबीनच बघा ना: क्विंटलमागे 18 किलोच्या आसपास तेल, बाकी बहुतेक ढेप होऊन पशुखाद्यात.

'60 हंगाम' हा आकडा कोणत्याही अभ्यासातून निघालेला नाही, आणि निघणारही नाही. धुऱ्याच्या (बांधाच्या) एका बाजूला भारी काळी, दुसऱ्या बाजूला मुरमाड, उथळ बरड, असं शिवार आपल्याकडे नेहमीचं. दोन्हींचं आयुष्य एकच कसं असेल? माती वाहते हे मात्र खरं, विशेषतः उताराच्या दिशेने पेरलं की. भारी जमिनीचं दुखणं वेगळं. चिकणमाती जास्त, पाणी मुरायला वेळ लागतो. जुलैच्या झडीत मुळांना हवा मिळत नाही, मुळांवरच्या नत्र पुरवणाऱ्या गाठी काम करेनाशा होतात आणि सोयाबीन पिवळं पडतं. मग लोक युरिया फेकतात. साचलेलं पाणी तसंच राहतं. त्यापेक्षा उताराला आडवं पेरावं, सात दात्यांच्या पेरणीयंत्राने पेरताना सातवी ओळ रिकामी ठेवावी आणि डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून तिथे सरी काढावी. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघतं, खंड पडला तर सरीत मुरलेली ओल पिकाला मिळते. कुटार (मळणीनंतरचा भुसा) पेटवू नये. मातीचा सेंद्रिय कर्ब त्यातूनही येतो.

जमिनीची काळजी करायचीच असेल, तर शहराभोवतीच्या एनए (बिगरशेती) लेआउटची, म्हणजे शेतात पाडलेल्या प्लॉटची, करा. मुरूम टाकून दाबलेली काळी माती पुन्हा वखराखाली येत नाही.