‘रंग इतके ताजे, म्हणजे झेरॉक्सच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. पोस्टर अस्सल नाही, फ्रेममध्ये त्याला लाटा आल्या आणि आम्ही ते पाठीला नीट चिकटवलंच नाही, अशा तीन तक्रारी तुम्ही केल्या आहेत.

आधी रंग. हे पोस्टर-चित्रकार व्हिक्टर मोस्कोसो यांच्या निऑन रोज मालिकेतलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅट्रिक्स या संगीत क्लबसाठी १९६७ मध्ये छापलेलं पोस्टर आहे. मोस्कोसो येल विद्यापीठात रंगांचे अभ्यासक जोसेफ आल्बर्स यांच्याकडे शिकले. विरुद्ध छटांचे, सारख्याच उजळपणाचे रंग शेजारी ठेवले की कडा थरथरतात आणि डोळे दुखतात. त्यांना तेच हवं होतं. त्यातून उन्हापासून जपलेली शाई फारशी उडत नाही. तेव्हा रंग ताजे आहेत एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

खात्री करायची तर १० पट मोठं दाखवणारं भिंग सपाट रंगावर धरा. फोटोच्या भागावर नको, तिथे मूळ ऑफसेट (प्लेटवरून होणाऱ्या) छपाईतही ठिपके असतात. मूळ पोस्टरमध्ये प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, म्हणून सपाट भाग सलग दिसतो, आणि दोन रंग भेटतात तिथे शाईवर शाई चढलेली बारीक रेघ किंवा केसाएवढी पांढरी फट सापडते. नकलेत त्याच जागी चार रंगांच्या ठिपक्यांची वर्तुळं दिसतात. इंकजेट असेल तर विखुरलेले शिंतोडे. तुम्ही टाकलेला फोटो काचेवरून, झूम करून काढलाय. त्यातली नक्षी कॅमेऱ्याची आहे. यूव्ही टॉर्चखाली कागद चमकला म्हणून तो नवा ठरत नाही: निळसर चमक देणारी द्रव्यं साठच्या दशकातल्या अनेक कागदांतही होती.

एक मात्र खरं, की भिंगाने झेरॉक्स पकडता येतो, नंतरची ऑफसेट छपाई नाही. त्यासाठी कागदाची मापं, जाडी आणि तळाचा बारीक मजकूर ताडावा लागतो. ही नोंद तुमच्या बिलामागे आहे.

लाटांचं कारण जुलैची हवा. कागद ओलावा शोषून फुगतो, तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. म्हणून आम्ही तो फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगतो. खाली मोकळा सोडतो. चारही बाजूंनी डकवला असता तर सुरकुत्या कायमच्या पडल्या असत्या. फ्रेमवाला गरम प्रेसने चिकटवून देतो म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून चिकटवू देऊ नका! तसं चिकटवलेलं पोस्टर सहसा सुखरूप सुटत नाही आणि संग्राहक अशा पोस्टरची किंमत पाडतात.

फ्रेम बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर लावा, मागे चारही कोपऱ्यांना रबरी बटणं लावून हवा खेळू द्या. एसी दिवसातून चार वेळा चालू-बंद होत असेल तर लाटा वाढतात. दिवाळीनंतरही त्या राहिल्या तर घेऊन या, फ्रेम उघडून पाहू.

भिंगाची तपासणी तुमच्यासमोर दुकानात करू. सपाट रंगात चार रंगांचे ठिपके निघाले तर फ्रेमसकट पूर्ण पैसे परत.