21 दिवसांत आतडं ‘सील’ होत नसतं

माझ्या आत्येबहिणीला क्रोन्सचा, म्हणजे आतड्याला सतत दाह होण्याचा, आजार आहे. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, अ‍ॅझाथायोप्रिन थांबवून बघू का?” ते तिचं दाह आटोक्यात ठेवणारं औषध. तोच मजकूर आधी दुसरीकडून आला तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

मजकूर थोडक्यात असा: आतड्याला बारीक भोकं पडतात, त्यातून न पचलेलं अन्न आणि ‘विष’ रक्तात जातं. थायरॉइडपासून नैराश्यापर्यंत सगळ्याचं मूळ तेच. झोन्युलिन नावाच्या प्रथिनाची तपासणी केली की ते कळतं. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) बंद, ‘केमिकलच्या’ गोळ्या बंद, ग्लुटामिन या अमिनो आम्लाची पूड सुरू. 21 दिवसांत आतडं सील. आणि डॉक्टर हे मुद्दाम लपवतात.

“आतड्याला भोकं पडतात”

आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं आणि साधारण 3 ते 5 दिवसांत नवं होतं. शेजारच्या पेशी क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांच्या जोडांनी एकमेकींना धरून असतात. हे जोड निरोगी माणसातही थोडे सैल-घट्ट होत राहतात. पाणी आणि क्षार तिथूनही ये-जा करतात. वरती श्लेष्माचं आवरण असतं. मोठ्या आतड्यात ते दुपदरी, आणि आतला पदर जवळजवळ जंतूंविना. अस्तराखाली प्रतिकारशक्तीच्या पेशी. पारगम्यता, म्हणजे अस्तरातून पदार्थ झिरपण्याचं प्रमाण, वाढते म्हणजे या व्यवस्थेत कुठेतरी ढिलाई येते, तीही रेणूंच्या मापाची. घासातले तुकडे त्यातून रक्तात पडत नाहीत. खरोखरचं भोक पडलं तर त्याला परफोरेशन म्हणतात, आणि तो माणूस फॉरवर्ड वाचत बसलेला नसतो, ऑपरेशन टेबलावर असतो.

“एका तपासणीत कळतं”

झोन्युलिन हे नाव, पेशींमधले जोड सैल करणारं प्रथिन म्हणून, 2000 सालच्या सुमारास अलेसिओ फसानो यांच्या संशोधनातून पुढे आलं. 2009 मध्ये त्यांच्याच गटाने ते म्हणजे प्री-हॅप्टोग्लोबिन 2 हे प्रथिन असल्याचं सांगितलं. पुढे इतरांनी बाजारातले किट तपासले, तर ते भलतीच प्रथिनं पकडत असल्याचं दिसलं. त्या आकड्यावर कोणी आपला आहार आणि औषधं ठरवू नयेत. संशोधक पारगम्यता मोजायला लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन साखरा पाजून लघवीत किती उतरतात ते बघतात. त्या चाचणीलाही मर्यादा आहेत.

“सगळ्या आजारांचं मूळ”

इथे थोडं मान्य करावं लागतं, नाइलाजाने. क्रोन्स आणि सिलिअ‍ॅकमध्ये (ग्लुटेनने आतड्याचं अस्तर जखमी होणारा आजार) पारगम्यता वाढते. जुलाबाच्या आयबीएसमध्ये (आतड्याला दिसणारी इजा नसताना पोट बिघडत राहण्याचा विकार) काही रुग्णांत वाढते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी वाढते, दीर्घ पल्ल्याच्या धावण्यानेही वाढते. क्रोन्सच्या रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांचा माग ठेवणाऱ्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर पारगम्यता आधीच जास्त असलेल्यांना पुढे क्रोन्स होण्याची शक्यता अधिक दिसली. म्हणजे विषय काल्पनिक नाही. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं मूळ ठरत नाही, आणि नैराश्य नि थायरॉइडची यादी तर नुसती चिकटवलेली आहे.

“गोळ्या बंद करा, आधी आतडं सील करा”

खरा राग या ओळीचा आहे.

मेयो क्लिनिकचे मायकेल कॅमिलेरी यांनी याच विषयावर 2019 मध्ये ‘गट’ (Gut, म्हणजे आतडं) या वैद्यकीय नियतकालिकात आढावा लिहिला. त्यातलं एक विधान मी बहिणीला तसंच्या तसं समजावलं: दाह किंवा व्रण असलेल्या आजारांमुळे आतडं पारगम्य होतं, पण असा एकही आजार निव्वळ अस्तराचा हा अडसर पूर्ववत करून बरा होत नाही. फॉरवर्ड नेमकं याच्या उलट सांगतो. क्रोन्समध्ये दाह चालू आहे तोवर अस्तर जखमी होतच राहणार. दाह आटोक्यात ठेवणारं औषध तुम्ही काढून घेतलंत, तर जे ‘सील’ करायचंय तेच पुन्हा उसवायला मोकळीक दिलीत. आजार उफाळला की आतडं अरुंद होतं, फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे उघडणारी नकोशी वाट) होतो, कधी तुकडा कापून काढावा लागतो. शिवाय ‘गोळ्या बंद’ म्हणताना लिहिणाऱ्याला स्टेरॉइड आठवलं नसावं. कित्येक आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एका दिवसात तोडलं तर जीवावर बेतू शकतं.

ग्लुटेनचीही तीच गत. सिलिअ‍ॅक जगात साधारण 1 टक्का लोकांना असतो, आणि त्यांच्यासाठी ग्लुटेन सोडणं हाच उपचार आहे. पण निदान टीटीजी अँटीबॉडीच्या रक्ततपासणीवर आणि आतड्याच्या बायोप्सीवर होतं, आणि दोन्ही ग्लुटेन खाण्यात असतानाच करायच्या असतात. फॉरवर्ड वाचून आधीच सोडलं, तर अँटीबॉडी उतरते, अस्तर सावरू लागतं, अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. मग खरं काय ते कळायला पुन्हा काही आठवडे ग्लुटेन खा, पुन्हा त्रास सोसा. आधी तपासणी, मग पथ्य. एवढा क्रम पाळायचा, तोही या मजकुराला जमलेला नाही.

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय: यातलं काहीही असेल तर 21 दिवसांचा प्रयोग करायचा नाही, पोटविकारतज्ज्ञाकडे जायचं.

“ग्लुटामिनने भरून येतं”

याला एका चाचणीचा आधार आहे, आणि चाचणी बरी होती. 106 रुग्ण, रोज 5 ग्रॅम तीनदा, 8 आठवडे. ग्लुटामिन घेणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्के सुधारले, तुलनेसाठी ठेवलेल्या, ग्लुटामिन न घेणाऱ्या गटात 6 टक्के. पण ते सगळे संसर्गानंतर जुलाबाचा आयबीएस जडलेले आणि पारगम्यता वाढल्याचं मोजून सिद्ध झालेले. क्रोन्सवाले त्यात नव्हते.

“डॉक्टर लपवतात”

पेशींमधले हे जोड घट्ट करण्यासाठीच लॅराझोटाइड नावाचं औषध सिलिअ‍ॅकसाठी तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत नेलं होतं. 2022 मध्ये अंतरिम विश्लेषणानंतर ती चाचणी थांबवावी लागली, आणि ते कंपनीने स्वतः जाहीर केलं.