तारीख लपवा, व्हाइब दाखवा

तुम्ही जर नाटकं, मैफली, स्टँडअप, वर्कशॉप असल्या कार्यक्रमांची तिकिटं विकणाऱ्या कंपनीत नुकतेच डिझायनर म्हणून चिकटला असाल आणि साहेबांनी "अ‍ॅप जरा फ्रेश करा" असं सांगितलं असेल, तर आधी अभिनंदन. चांगलं चाललेलं बिघडवायचं हे काम दिसतं तितकं सोपं नाही, त्याला टीम लागते. माझ्या फोनमधलं असंच एक अ‍ॅप परवा रात्रीत अपडेट झालं आणि इतक्या सफाईने बिघडलं की मी थक्कच झाले. आईला आणि मावशीला घेऊन रविवारचं नाटक बघायचं, एवढाच माझा माफक बेत होता. त्यातून जे शिकायला मिळालं ते तुमच्या चरणी.

सगळ्यात आधी कॅलेंडर उडवा. माणूस अ‍ॅप उघडतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, रविवारी दुपारी कुठल्या हॉलला कुठलं मराठी नाटक आहे. त्याला ते लगेच कळलं तर तो तिकीट काढून निघून जाईल ना, मग तुम्ही मीटिंगमध्ये काय दाखवणार? म्हणून तारीख, हॉल आणि भाषा एका फिल्टरमध्ये, तो फिल्टर तीन रेघांच्या आत, आणि त्या तीन रेघा अंगठा पोचणार नाही अशा कोपऱ्यात. वर मोठ्या अक्षरात विचारा, "आज मूड काय?" खाली बटणं द्या, चिल, क्रेझी, डेट नाइट. माझ्या आईचा मूड "रविवार दुपारी चार" असा होता. ते बटण नव्हतं.

आणि चुकूनही पेपरातल्या नाटकाच्या जाहिराती बघू नका, उगाच न्यूनगंड यायचा. एवढासा चौकोन, त्यात नाटकाचं नाव, कलाकार, "रवि. दु. ४, दीनानाथ, पार्ले", खाली "शनि. रात्रौ ८, कालिदास, मुलुंड", बाजूच्या चौकोनात शिवाजी मंदिर, त्याच्या खाली गडकरी नाहीतर प्रबोधनकार. आई चष्मा कपाळावर चढवून बोट फिरवते आणि चहा निवायच्या आत रविवार ठरतो. लॉगिन नाही, लोकेशन नाही, ओटीपी नाही. असलं मागासलेलं काही करायचं नाही.

सर्चमध्ये मराठीत टाइप केलं की "काहीही सापडलं नाही" आलंच पाहिजे.

"तुमच्या जवळ" हा विभाग मात्र हवाच, आणि जवळ म्हणजे नकाशावर सरळ रेघ मारून जवळ. मी मुलुंडला राहते, तर मला बोरिवलीचे कार्यक्रम "अगदी जवळ" म्हणून दिसले. आहेच की जवळ! मधे फक्त शंभर चौरस किलोमीटरहून मोठं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, त्यात बिबटे आहेत, त्यांनी वाट दिली तर पटकन पोचू. माणसांच्या वाटेने जायचं तर सेंट्रलने दादर, पूल चढून वेस्टर्नला, मग उलटं बोरिवली, नाहीतर घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये बसून ध्यान. त्याच वेळी दादरचं शिवाजी मंदिर, जिथे मी एका लोकलने जाते, ते तुमच्या यादीत "थोडं लांब" म्हणून तळाला.

मेगाब्लॉकचं, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात त्याचं, नाव काढू नका. चारचा प्रयोग आणि त्याच दिवशी अकरा ते चार ब्लॉक, हे योग मुंबईत जुळतातच. पेपरात दोन्ही गोष्टी मिळतात. तुम्ही मात्र "संडे प्लॅन करा" म्हणून कॉन्फेटी उडवा.

फुकट कार्यक्रम दाखवायचेच नाहीत. मुंबईतला काळा घोडाचा कला महोत्सव 1999 पासून चालूय आणि तिथे फुकट जाता येतं, लायब्ररीतलं व्याख्यान फुकट, मंडळाचं गाणं फुकट. त्यात तुमचं कमिशन शून्य, म्हणजे ते घडतच नाहीत असं समजा.

मित्रांबरोबर प्लॅन करायला अ‍ॅपमध्येच वेगळं चॅट काढा. लोक व्हॉट्सअ‍ॅप सोडून तिथे येतील, येतीलच.

आता मुख्य कला, पैसे घेण्याची. यादीत "३०० पासून" असं लिहायचं. मी सीट निवडायला गेले, आईचा गुडघा दुखतो म्हणून तिला कडेची खुर्ची हवी, मावशीला फार मागे बसलं की ऐकू येत नाही, म्हणून एका फोनवर मावशीला धरलंय, दुसऱ्या फोनवर सीटांचा प्लॅन उघडलाय, तो चिमटीत धरून मोठा करावा तर भलतीच सीट सिलेक्ट होते, आणि वर लाल आकडे उलटे पळतायत, घाई करा, घाई करा. मावशी विचारतेय "एच म्हणजे कितवी गं रांग?" मी ए बी सी मोजतेय तेवढ्यात वेळ संपला, सगळं पुसलं, परत मूड काय विचारतंय! परत सगळं केलं. मग शेवटच्या स्क्रीनवर कन्व्हिनियन्स फी, ती पण बुकिंगला नाही, माणशी. एकाच अंगठ्याने तीन सीटा काढल्या तर तीनदा कसली सोय केलीत हो माझी? नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, सरकारने तेवढं तरी सोडलंय, पण तुमच्या फीवर १८ टक्के आहेच, म्हणजे तुम्ही मला छळायचे पैसे घेणार आणि त्या छळावर कर मी भरायचा. त्याच्या खाली कसल्याशा देणगीची टिक आधीच केलेली. ती काढली तर बटणावर काय लिहिलेलं? "नको, मला मदत करायची नाही." आईने वाचलं आणि म्हणाली, "अगं असं नको ग करूस, राहू दे ती टिक." हेच तर हवं होतं ना तुम्हाला?

आणि ही नुसती माझी चिडचिड नाहीये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर 2023 ला ह्याच प्रकारांवर नियमावली काढलीय, तेरा प्रकार नावानिशी दिलेत. खोटी घाई दाखवणं, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, शेवटच्या पायरीपर्यंत खरी किंमत न सांगणं, सगळं त्यात आहे. तुम्ही ती यादी वाचली असणार. करायची कामं म्हणून वाचलीत बहुतेक.

बास झालं आता, सरळच बोलते. तुमच्यातला एक तरी माणूस नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीपाशी उभा राहिलाय का कधी? आम्ही शेवटी तिथेच गेलो. खिडकीतल्या काकांनी प्लॅन आमच्याकडे फिरवला, आईकडे एकदा बघितलं, आणि "ह्या कडेच्या घ्या, इथे पायऱ्या कमी लागतात" म्हणत पेन्सिलने तीन चौकोनांवर फुल्या मारल्या. वर एक रुपया नाही. त्यांनी कुठलाही यूजर रिसर्च केलेला नव्हता, त्यांनी मान वर करून बघितलं.

तुम्हाला ते जमत नाही कारण तुम्हाला आम्ही नाटकाला पोचलो की नाही ह्याच्याशी देणंघेणंच नाहीये, आम्ही तुमच्या स्क्रीनवर किती वेळ भटकलो ह्याच्याशी आहे. लाज वाटली पाहिजे. तारीख, वेळ, हॉल, भाषा आणि फीसकट पूर्ण किंमत पहिल्या स्क्रीनवर लावा, मराठीत शोधता येऊ द्या, ती टिक काढा. आणि रात्री अकरा वाजता "आम्ही तुम्हाला मिस करतोय" असे मेसेज पाठवू नका, त्या वेळी माझी आई झोपलेली असते आणि फोन तिच्या उशाशी असतो.